संप कुठे जिंकतो, कुठे हरतो : गाड्यांच्या कारखान्यांतल्या युनियनचं गणित

पिंपरी-चिंचवड, चाकण, तळेगाव या पट्ट्यातल्या स्थानिक पानांवर एक बातमी हमखास येते. अमुक कंपनीत वेतनवाढीचा करार झाला, कामगारांना तीन वर्षांसाठी पंधरा-सोळा हजारांची वाढ मिळाली. सोबत फोटो असतो. गेटवर गुलाल, ढोल-ताशा, युनियनचे अध्यक्ष आणि कंपनीचे एचआर हेड कराराच्या फायली हातात धरून उभे. बातमी खरी असते आणि त्या चेहऱ्यांवरचा आनंदही खरा असतो. पण त्याच कंपनीत, त्याच लाइनवर, त्याच टॉर्क गनने तेच बोल्ट आवळणारी बरीच पोरं त्या फोटोत नसतात, कारण तो करार त्यांच्यासाठी झालेलाच नसतो. ती कंत्राटी असतात, ट्रेनी असतात, अप्रेंटिस असतात.

वाहन उद्योगातले संप समजून घ्यायचे, इलेक्ट्रिक गाड्या आल्यावर कामगारांचं काय होणार हे समजून घ्यायचं, तर सुरुवात या पोरांपासून करायला हवी असं मला मनापासून वाटतं. लाइन थांबवायची ताकद कोणाच्या हातात आहे, आणि ती ज्यांच्या हातात आहे ते सगळे एका बाजूला आहेत का, या दोन प्रश्नांच्या उत्तरांत बहुतेक संपांचा निकाल आधीच लिहिलेला असतो.

करारात नेमकं काय असतं

करार म्हणजे युनियन आणि व्यवस्थापन यांच्यातला लेखी समझोता. साधारण तीन-साडेतीन वर्षांचा. जुना करार संपत आला की युनियन मागणीपत्र देते, बैठका सुरू होतात आणि त्या महिनोन्‌महिने चालतात. करार उशिरा झाला तरी बहुधा मागच्या तारखेपासून लागू होतो. मधल्या महिन्यांची थकलेली वाढ एकरकमी मिळते, तिला कामगार ‘फरक’ म्हणतात. या फरकाच्या भरवशावर कोणी फ्लॅटचं बुकिंग केलेलं असतं, कोणाकडे बहिणीच्या लग्नाची तारीख धरलेली असते. बैठक फिसकटली की त्याचा ताण थेट घरापर्यंत पोचतो तो असा.

बातमीतला आकडा मात्र नीट वाचावा लागतो. सोळा हजारांची वाढ म्हणजे पुढच्या महिन्यापासून हातात सोळा हजार जास्त, असं नसतं. ती टप्प्याटप्प्याने मिळते, समजा पहिल्या वर्षी साठ टक्के आणि पुढच्या दोन वर्षांत वीस-वीस. शिवाय हा आकडा पुष्कळदा सीटीसीवरचा, म्हणजे कंपनीला एका माणसामागे येणाऱ्या एकूण खर्चावरचा असतो. पीएफमधला कंपनीचा वाटा, ग्रॅच्युइटी, मेडिक्लेमचा हप्ता, बस, कँटीन हे सगळं त्यात धरलेलं असू शकतं. म्हणून जुने कामगार आधी एकच विचारतात, ‘बेसिकला किती गेले?’ पीएफ आणि ग्रॅच्युइटी पुढे मुख्यतः बेसिकवर चढत जातात.

कराराची दुसरी बाजू बातमीत क्वचित येते. ती असते उत्पादनाची. शिफ्टमध्ये आधी जेवढ्या गाड्या निघायच्या त्यापेक्षा इतक्या जास्त काढून देऊ, हे युनियन लिहून देते. सायकल टाइम, म्हणजे एका माणसाला एका गाडीवरचं काम उरकायला मिळणारा वेळ, काही सेकंदांनी कमी होतो. कागदावर ते नुसते सेकंद असतात. लाइनवर उभ्या माणसासाठी मात्र घाम पुसायला, पाठ सरळ करायला जी फट मिळत होती ती गेलेली असते. पस्तिशीत मान आणि कंबर धरलेले कामगार या पट्ट्यात जागोजाग भेटतात, ते उगाच नाही.

संप परवडतो कोणाला

बोलणी अडली की संपाचा विषय निघतो. पण त्याआधी पुष्कळ पायऱ्या असतात. काळ्या फिती, गेट मीटिंग, कँटीनवर बहिष्कार, ओव्हरटाइमला नकार. हे सगळं दबाव वाढवण्यासाठी.

महाराष्ट्रात कामगार संघटनांना मान्यता देण्याचा १९७१ चा आपला वेगळा कायदा आहे. त्यानुसार किमान ३० टक्के कामगार सभासद असलेल्या युनियनला औद्योगिक न्यायालयातून मान्यता मिळू शकते, आणि मग कंपनीला तिच्याशी बोलावं लागतं. अशा मान्यताप्राप्त युनियनला संपावर जायचं तर बहुसंख्य सभासदांचं मत घ्यावं लागतं आणि १४ दिवसांची नोटीस द्यावी लागते. नोटीस न देता दहा किंवा अधिक जण मिळून काम सोडून गेले, तर कंपनीला आठ दिवसांपर्यंतचा पगार कापायची मुभा कायदा देतो. संप बेकायदा ठरला की निलंबन, चौकशी आणि बडतर्फी यांची वाट मोकळी होते.

आणि पैशाचं काय? काम नाही तर दाम नाही. महिन्याला तीस हजार मिळवणाऱ्याचे संपाच्या पहिल्या आठवड्यात सात हजार जातात, गृहकर्जाचा हप्ता मात्र पाच तारखेला जायचा तो जातोच. अमेरिकेतली वाहन कामगारांची मोठी युनियन, युनायटेड ऑटो वर्कर्स, आपल्या सभासदांना संपकाळात आठवड्याला ५०० डॉलर देते. २०२३ मध्ये तिच्या संप निधीत सुमारे ८२.५ कोटी डॉलर होते. आपल्याकडच्या एकेका कारखान्यापुरत्या युनियनकडे असं काही नसतं. इथे संप चालतो तो पतसंस्थेच्या कर्जावर, गावाकडून आलेल्या धान्यावर आणि बायकोच्या कमाईवर. म्हणून लांबलेला संप इथे कंपनीच्या आधी कामगाराला थकवतो.

लाइन कुठे थांबते यावर सगळं

आजचे गाड्यांचे कारखाने माल साठवून ठेवत नाहीत. सीट, डॅशबोर्ड, वायरिंग हे सगळं आसपासच्या पुरवठादारांकडून काही तासांच्या हिशोबाने येतं. कंपनीचा पैसा गोदामात अडकत नाही, हा तिचा फायदा. पण एक सुटा भाग यायचा थांबला की पूर्ण लाइन थांबते.

२००९ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गुरगावच्या रिको ऑटो या सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत कामगारांचं आंदोलन पेटलं. एका कामगाराचा त्यात जीव गेला आणि त्या पट्ट्यातल्या हजारो कामगारांनी एक दिवस काम बंद ठेवलं. काही दिवसांत फोर्डचा कॅनडातला ओकव्हिलचा कारखाना थांबला, जनरल मोटर्सच्या मिशिगनमधल्या एका कारखान्याला फटका बसला. हरियाणातून निघणारे गिअरबॉक्सचे भाग तिकडे पोचले नव्हते. ज्या कामगारांचा पगार त्या गाडीच्या एका चाकाइतकाही नसेल, त्यांनी अर्ध्या जगापलीकडची असेंब्ली लाइन थांबवली होती. साखळीतली अडचणीची जागा कोणती, हे ज्याला कळलं त्याच्या हातात ताकद येते.

याच्या नेमकं उलट चाकणला २०१३ मध्ये झालं. बजाज ऑटोच्या कारखान्यात २५ जूनला काम थांबलं. पुढाकार विश्व कल्याण कामगार संघटनेचा होता. मागण्यांत एक अशी होती की तिची देशभर चर्चा झाली : प्रत्येक कामगाराला कंपनीचे ५०० शेअर एक रुपया दराने द्या. कंपनीच्या वाढीत आमचाही हात आहे, तर मालकीतही थोडा वाटा द्या, असं ते म्हणणं होतं. मला ही मागणी आजही विचार करण्याजोगी वाटते. वरच्या अधिकाऱ्यांना शेअर देणं सर्रास चालतं, मग लाइनवरच्या माणसाने मागितले की ते हास्यास्पद का व्हावं?

संप सुमारे ५० दिवस चालला आणि मागे घेतला गेला. शेअरची मागणी मान्य झाली नाही. कारण शोधायला फार खोल जावं लागत नाही. कंपनीकडे औरंगाबादजवळ वाळूजचा आणि उत्तराखंडमध्ये पंतनगरचा असे आणखी कारखाने होते, आणि काम तिकडे हलवू असं तिने उघड सांगितलं. चाकणमध्येही संपात नसलेल्यांच्या हातून थोडंफार उत्पादन निघत राहिलं. एका कारखान्याचे कायम कामगार बाहेर बसले तर गाडी दुसरीकडून बाहेर पडू शकत होती. म्हणजे अडचणीची जागा संपकऱ्यांच्या ताब्यात नव्हती.

पुण्याला याचा जुना अनुभव होता. १९८९ मध्ये टेल्कोच्या, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सच्या, कामगारांनी राजन नायर यांच्या नेतृत्वाखाली शनिवारवाड्यासमोर उपोषण मांडलं. सगळं शहर त्याकडे बघत होतं. सप्टेंबरच्या अखेरीस एका रात्री पोलिसांनी त्यांना तिथून उचललं आणि आंदोलन मोडलं. कंपनीने दुसऱ्या युनियनशी करार केला. कामगारांत दोन तट पडले की एका तटाची जिद्द कितीही असो, ती पुरत नाही.

कंत्राटी माणूस आला कुठून

केंद्र सरकार दरवर्षी कारखान्यांची पाहणी करतं. तिच्यानुसार २०२२-२३ मध्ये देशातल्या नोंदणीकृत कारखान्यांतल्या कामगारांपैकी सुमारे ४० टक्के कंत्राटी होते. या शतकाच्या सुरुवातीला हे प्रमाण साधारण २० टक्के होतं. याशिवाय अप्रेंटिस आहेत, ट्रेनी आहेत. मधल्या काळात केंद्राच्या ‘नीम’ योजनेखाली आलेली पोरं होती, ज्यांना पगार नसून विद्यावेतन मिळायचं.

कारण पैशाचं आहे हे तर उघडच. एकाच कामाला कंत्राटी माणसाला कायम कामगाराच्या निम्म्याहूनही कमी मिळणं या पट्ट्यात नवलाचं नाही. पण मला दुसरं कारण जास्त महत्त्वाचं वाटतं. मंदी आली, मॉडेल बंद पडलं, तर त्याला उद्यापासून येऊ नको असं सांगता येतं. त्यासाठी कायद्याची परवानगी लागत नाही, कारण कागदावर तो कंपनीचा माणूसच नसतो, ठेकेदाराचा असतो. आणि जो उद्या असेल की नाही हे माहीत नाही, तो युनियनचा फॉर्म भरत नाही. मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहारमधून आलेला, खोलीत चार-पाच जणांबरोबर राहणारा एकवीस वर्षांचा आयटीआय झालेला मुलगा सात-आठ महिन्यांनी कंपनी बदलतो. त्याला ब्रेक दिलेला असतो, म्हणजे सलग नोकरी होऊ नये म्हणून मध्येच कामावरून कमी केलेलं असतं. त्याला सभासद करून घ्यायचं तर युनियनला मेहनत घ्यावी लागते आणि कायम कामगारांना आपल्या वाढीतला थोडा भाग सोडायची तयारी दाखवावी लागते. बहुतेक ठिकाणी ही मेहनत झाली नाही, हे लिहिताना वाईट वाटतं, पण ते खरं आहे. काही करार तर कंत्राटी कामगारांची संख्या वाढेल हे गृहीत धरूनच झाले. कायम कामगारांना मोठी वाढ, आणि निवृत्त होणाऱ्याच्या जागी नवीन कायम भरती नाही.

एकदा वेगळं घडलं होतं. मारुती सुझुकीच्या गुरगावजवळच्या मानेसर कारखान्यात २०११ मध्ये कामगारांनी स्वतंत्र युनियनसाठी जून महिन्यात तेरा दिवस संप केला. ऑगस्टच्या शेवटी कंपनीने चांगल्या वर्तणुकीचं हमीपत्र भरून दिल्याशिवाय आत घ्यायला नकार दिला. सप्टेंबर संपताना तडजोड झाली, कायम कामगार आत गेले. पण जवळपास १,२०० कंत्राटी कामगारांना गेटवरच अडवलं गेलं. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात कायम कामगारांनी पुन्हा काम थांबवलं, या वेळी त्या १,२०० जणांसाठी. सुझुकीच्या इंजिन आणि दुचाकी बनवणाऱ्या शेजारच्या कारखान्यांतही काम बंद पडलं. इंजिनच येईना, तेव्हा मारुतीच्या गुरगावच्या जुन्या कारखान्यालाही झळ लागली. अखेर कंत्राटी कामगारांना परत घ्यायचं कबूल झालं. स्वतःच्या पगारवाढीची मागणी नसताना कायम कामगार कंत्राटींसाठी बाहेर बसले, असं आपल्या वाहन उद्योगात फार क्वचित झालं आहे.

पुढचं वर्ष मात्र भयंकर ठरलं. १८ जुलै २०१२ ला त्याच कारखान्यात हिंसाचार झाला, आग लागली आणि मनुष्यबळ विभागाचे एक वरिष्ठ अधिकारी त्यात गेले. एका माणसाचा असा अंत कुठल्याही मागणीने झाकता येत नाही. दीडशेच्या आसपास कामगार तुरुंगात गेले, कंपनीने ५४६ कायम कामगारांना काढून टाकलं. २०१७ मध्ये निकाल लागला तेव्हा ३१ जण दोषी ठरले, त्यातल्या १३ जणांना जन्मठेप झाली, आणि ११७ जण निर्दोष सुटले. या ११७ जणांची तुरुंगात आणि कोर्टाच्या फेऱ्यांत गेलेली वर्षं कोणी भरून दिली नाहीत.

डेट्रॉइटने काय केलं

डेट्रॉइट म्हणजे अमेरिकेतल्या वाहन उद्योगाचं केंद्र. तिथे कंत्राटी पद्धत आपल्यासारखी नाही, पण रोग तोच होता. २००७ च्या करारात युनायटेड ऑटो वर्कर्सने ‘टिअर’, म्हणजे पगाराचे थर, मान्य केले. जुन्या कामगाराला पूर्ण पगार, त्याच लाइनवरच्या नव्याला जवळपास निम्मा. २००९ मध्ये जनरल मोटर्स आणि क्रायस्लर दिवाळखोरीत गेल्या, तेव्हा कामगारांनी महागाई भत्ताही सोडला. कंपन्या सावरल्या, नफ्यात आल्या, तरी सोडलेलं परत मिळालं नाही. हंगामी म्हणून घेतलेले कामगार वर्षानुवर्षं हंगामीच राहिले. त्यात युनियनचे दोन माजी अध्यक्ष भ्रष्टाचाराच्या प्रकरणात तुरुंगात गेले. १९७९ मध्ये १५ लाख सभासद असलेली ही संघटना २०२३ मध्ये चार लाखांच्या आत आली होती.

त्या भ्रष्टाचारानंतर युनियनमध्ये एक बदल झाला. अध्यक्षाची निवडणूक पहिल्यांदाच थेट सभासदांच्या मतांनी झाली आणि मार्च २०२३ मध्ये शॉन फेन निवडून आले. सहा महिन्यांनी, १५ सप्टेंबरला, फोर्ड, जनरल मोटर्स आणि स्टेलांटिस (क्रायस्लरची आताची मालक) या तिन्ही कंपन्यांत एकाच वेळी संप सुरू झाला. युनियनच्या इतिहासात हे आधी कधी झालं नव्हतं.

या संपाची रचना बारकाईने बघण्यासारखी आहे. तिन्ही कंपन्यांत मिळून जवळपास दीड लाख सभासद होते. पहिल्या दिवशी बाहेर पडले सुमारे १३ हजार, प्रत्येक कंपनीचा एकेक कारखाना. बाकीचे कामावर, पगार चालू. दर शुक्रवारी फेन यांचं थेट प्रक्षेपण असायचं, त्यात पुढचे कारखाने जाहीर व्हायचे. जी कंपनी बोलण्यात पुढे सरकली तिला त्या आठवड्यात सूट. २२ सप्टेंबरला जनरल मोटर्स आणि स्टेलांटिसची सुट्या भागांची ३८ वितरण केंद्रं बंद झाली. त्या दिवशी फोर्डला सोडलं होतं, कारण तिने काही मागण्या मान्य केल्या होत्या. ११ ऑक्टोबरला शुक्रवारची वाटही न बघता फोर्डच्या लुइव्हिलच्या ट्रक कारखान्यातल्या ८,७०० जणांना बाहेर बोलावलं गेलं. हा फोर्डचा सर्वांत कमाईचा कारखाना. पुढचा नंबर कोणाचा हे कंपन्यांना आधी कळत नव्हतं, त्यामुळे कुठे साठा करून ठेवायचा, कुठलं काम कुठे हलवायचं, हे त्यांना ठरवता येईना. संप निधीही सावकाश खर्च होत राहिला. चाकणला जे जमलं नाही ते हेच : अडचणीच्या जागा निवडायच्या आणि आपली माणसं थकू द्यायची नाहीत.

२६ सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष बायडेन मिशिगनमध्ये संपकऱ्यांच्या रांगेत येऊन उभे राहिले. पदावर असताना असं करणारे ते पहिले. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात तिन्ही कंपन्यांशी समझोता झाला. एप्रिल २०२८ पर्यंत एकूण २५ टक्के पगारवाढ, त्यातली ११ टक्के लगेच. महागाई भत्ता परत. तासाला सुमारे ३२ डॉलरचा वरचा दर ४० च्या पलीकडे जाणार. पूर्ण दरापर्यंत पोचायला आधी आठ वर्षं लागायची, ती तीन झाली. ठरावीक मुदत भरलेल्या हंगामी कामगारांना कायम करायचं ठरलं. वरच्या थरापेक्षा खालच्या थराला टक्केवारीत जास्त मिळालं, ही या कराराची मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट आहे.

सगळे खूश नव्हते. जनरल मोटर्समध्ये करार जेमतेम ५५ टक्के मतांनी मंजूर झाला. जुन्या कामगारांना निवृत्तिवेतन परत हवं होतं, ते मिळालं नाही. स्टेलांटिसने इलिनॉयमधला बंद कारखाना उघडायचं कबूल केलं, मग तारीख पुढे ढकलली. पण आणखी एक परिणाम झाला. टोयोटा, होंडा, ह्युंदाई यांच्या अमेरिकेतल्या कारखान्यांत युनियन नाही, तरी त्यांनीही काही आठवड्यांत आपल्या कामगारांचे पगार वाढवले. युनियन आपल्या दारात येऊ नये म्हणून. फोक्सवॅगनच्या टेनेसीतल्या कारखान्यात युनियन आधी दोनदा हरली होती, तिथे एप्रिल २०२४ मध्ये ७३ टक्के कामगारांनी तिच्या बाजूने मत दिलं. महिन्याभराने अलाबामातल्या मर्सिडीजच्या कारखान्यात मात्र ती हरली.

इंजिन गेलं की

डेट्रॉइटच्या संपामागे आणखी एक भीती होती, आणि ती नाशिक-पुण्यालाही लागू आहे. इलेक्ट्रिक गाडीत इंजिन नाही, क्लच नाही, सायलेन्सर नाही, इंधन टाकी नाही, बहुतेकींत गिअरबॉक्स म्हणावा असा गिअरबॉक्सही नाही. फोर्डचे प्रमुख जिम फार्ली यांनी २०२२ मध्ये सांगितलं होतं की अशा गाडीला ४० टक्के कमी मनुष्यबळ लागतं. यावर मतभेद आहेत, कारण बॅटरी बनवायलाही माणसं लागतातच. खरा प्रश्न त्या बॅटरीच्या कारखान्यात कोणता पगार मिळणार हा आहे. अमेरिकन कंपन्यांनी हे कारखाने कोरियन भागीदारांबरोबर वेगळ्या कंपन्या काढून उभारले. कंपनी वेगळी, म्हणून जुना करार तिथे लागू नाही. ओहायोतल्या जनरल मोटर्सच्या अशा बॅटरी कारखान्यात सुरुवातीचा पगार तासाला साडेसोळा डॉलर होता. इंजिन कारखान्यातला चांगला रोजगार जाऊन त्याच्या जागी हा येणार होता. ६ ऑक्टोबर २०२३ ला, एक मोठा कारखाना बंद पडायच्या बेतात असताना, जनरल मोटर्सने बॅटरी कामगारांना मुख्य कराराच्या छत्राखाली घ्यायचं मान्य केलं. आपल्या ठेकेदारी पद्धतीशी याचं नातं सरळ आहे. माणूस कोणाच्या हजेरीपटावर आहे, यावर त्याचा पगार ठरतो.

आपल्याकडे नाशिकच्या सातपूरला डिझेल इंजिनांचे इंजेक्टर बनतात. मुंढव्याला क्रँकशाफ्ट बनतात. पिंपरी-भोसरीतल्या शेकडो लहान वर्कशॉप्समध्ये पिस्टन पिन, व्हॉल्व्ह गाइड, गिअर यांचं जॉबवर्क चालतं. तिथे युनियन नाही, करार नाही. मोठ्या कंपनीत मॉडेल बंद होतं तेव्हा व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीची योजना, येते. या वर्कशॉपमध्ये मालक सांगतो, पुढच्या महिन्यापासून एकच शिफ्ट.

कारखाना बंद पडण्याचा आणि दुसऱ्याच्या हाती जाण्याचा अनुभव तळेगावने जवळून घेतला आहे. जनरल मोटर्सने २०१७ मध्ये भारतात गाड्या विकणं थांबवलं, निर्यातीसाठी तळेगावचा कारखाना चालू ठेवला आणि डिसेंबर २०२० मध्ये तोही थांबवला. चिनी कंपनी ग्रेट वॉलबरोबरचा व्यवहार सरकारी मंजुरीअभावी बारगळला. २०२१ मध्ये सुमारे १,४०० कामगारांना ले-ऑफ दिला गेला. ले-ऑफ म्हणजे नोकरी कागदावर आहे, काम नाही, आणि हातात बेसिक आणि महागाई भत्त्याचा निम्मा. अनेकांनी भरपाई घेऊन नाव कमी करून घेतलं, बाकीच्यांनी युनियनमार्फत कोर्टात आणि रस्त्यावर लढा चालू ठेवला. ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईने कारखाना घ्यायचा करार केला आणि जानेवारी २०२४ मध्ये व्यवहार पूर्ण झाला. तिने घेतली ती जमीन, इमारती आणि काही यंत्रसामग्री. कामगार त्या यादीत नव्हते. कंपनी जशीच्या तशी विकली असती तर कामगारांचे हक्क सोबत गेले असते. मालमत्ता सुटी विकली, म्हणून ते मागे राहिले.

आता ५१ टक्के

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राची औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. तिच्यात कंपन्यांना सोपं जाईल असं बरंच आहे. कारखाना बंद करण्यासाठी किंवा ले-ऑफसाठी सरकारची परवानगी आधी १०० कामगारांपासून लागायची, आता ३०० पासून. निम्म्या किंवा अधिक कामगारांनी एकाच दिवशी ठरवून किरकोळ रजा टाकली तर तोही संप धरला जाईल. संपाची नोटीस सगळ्याच कारखान्यांना सक्तीची झाली, आणि कामगार आयुक्तांसमोर समेटाची बोलणी चालू असताना संप करता येत नाही. नोटीस मिळाली की समेट सुरू होतो, त्यामुळे कायदेशीर संपाची वाट अरुंद झाली आहे, असं कामगार संघटना म्हणतात, आणि ते बरोबर आहे.

पण एका कलमाकडे युनियनच्या लोकांनी नीट बघावं असं मला वाटतं. एका कारखान्यात एकापेक्षा जास्त युनियन असतील, तर हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली युनियनच एकटी बोलणी करू शकेल. ठेकेदाराचा माणूस या हजेरीपटावर नसतो, त्यामुळे तो इथेही मोजला जाणार नाही. मात्र याच संहितेत ‘निश्चित मुदतीच्या’ कामगाराची तरतूद आहे. तो कंपनीच्या स्वतःच्या पटावर असतो. कायम कामगाराइतकाच पगार आणि सोयी त्याला द्याव्या लागतात, एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीही. मुदत संपली की त्याला काढायला परवानगी लागत नाही, म्हणून कंपन्या अशी भरती वाढवणार. आणि जसजशी ती वाढेल, तसतसं नुसत्या जुन्या कायम कामगारांच्या बळावर ५१ टक्के गाठणं अशक्य होईल. वर्षा-दोन वर्षांसाठी आलेल्या त्या पोराचा फॉर्म आता युनियनला भरून घ्यावाच लागेल, त्याची मुदत वाढवून घेणं हा मागणीपत्रातला पहिला मुद्दा करावा लागेल, आणि कायम कामगारांच्या सभेत त्यासाठी हात वर करून घ्यावे लागतील. चाकणमधल्या कुठल्या युनियन हे आधी करतात, ते पुढच्या दोन-तीन करारांच्या फेऱ्यांत दिसेल.